सतरा वर्षांच्या फुटी खेळाडूचे ड्राफ्टचे वर्ष: तयारी कशी आखावी

फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, आणि ड्राफ्ट म्हणजे त्याच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे, एएफएलचे, क्लब दरवर्षी नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया. प्रश्न मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहणाऱ्या एका मराठी पालकांचा आहे. मुलगा सतरा वर्षांचा, उंची १८४ सेंमी, वजन ७४ किलो. अठरा वर्षांखालील टॅलेंट लीगच्या संघात विंग (मैदानाच्या मध्यभागी कडेला) आणि हाफ बॅक (बचावाच्या फळीत) या जागांवर खेळतो. दोन किलोमीटर धावण्याच्या चाचणीत वेळ ७ मिनिटे १० सेकंद. गेल्या सीझनमध्ये नडगीच्या दुखण्यामुळे सहा आठवडे बाहेर बसला. घरचे जेवण शाकाहारी. पुढच्या वर्षी बारावी आणि ड्राफ्ट दोन्ही एकदम. सध्या स्वतःच्या मनाने आठवड्याचे सहा दिवस जिम करतो. सीझन संपताना प्रशिक्षकांनी ‘फिटनेस वाढव, जास्त प्रोफेशनल हो’ एवढेच सांगितले. याचा अर्थ काय आणि आता करायचे काय?

आधी सर्वात महत्त्वाचे. या मुलाचे गेल्या वर्षी सर्वात मोठे नुकसान त्या सहा आठवड्यांनी केले. ७:१० ही वेळ सुधारता येते, वजन वाढवता येते, डाव्या पायाची किक तयार करता येते. पण हे सगळे सलग सरावातूनच होते. सतरा-अठराव्या वर्षी जो मुलगा चाळीस आठवडे न चुकता मध्यम तीव्रतेचा सराव करतो, तो दहा आठवडे जीव तोडून मग सहा आठवडे घरी बसणाऱ्याच्या पुढे निघतो. म्हणून खालची प्रत्येक सूचना एकाच कसोटीवर निवडली आहे: यामुळे त्याचा सराव सलग राहील का?

खेळाची मागणी लक्षात घेतली की हे पटते. मैदान लंबगोल, लांबी १३५ ते १८५ मीटर, म्हणजे क्रिकेटचेच मोठे मैदान. वीस मिनिटांचे चार क्वार्टर, आणि थांबलेला वेळ भरून काढल्यावर वरच्या पातळीवर प्रत्येक क्वार्टर तीस मिनिटांच्या आसपास जातो. विंगवरचा खेळाडू सामन्यात साधारण १२ ते १५ किलोमीटर धावतो, त्यात असंख्य वेळा वेग वाढवतो, थांबतो, वळतो, उडी मारतो, आपटतो. एएफएलने २०२१ मध्ये सामन्यातील बदली खेळाडूंच्या अदलाबदलीची मर्यादा ९० वरून ७५ वर आणली, त्यामुळे मैदानावर थकलेल्या अवस्थेत राहण्याचा वेळ आणखी वाढला. आणि हे सगळे करायचे कोणत्या शरीराने? उंची नुकतीच वाढून थांबत आलेली, हाडे मात्र अजून पक्की होत असलेली. उंची आधी वाढते, हाडाची घनता मागून येते. या अंतरातच नडगी, पायाचा मधला भाग आणि कंबरेच्या मणक्याची दुखणी सापडतात.

सगळा भार एका वहीत

अशा मुलांच्या दुखापतींमागे बहुतेक वेळा एकच वाईट सराव नसतो. शाळेचा संघ, स्थानिक क्लब, टॅलेंट लीग, शाळेतील पीटी, वर हौसेने बास्केटबॉल आणि स्वतःची जिम. प्रत्येक प्रशिक्षकाला फक्त आपला भाग दिसतो. बेरीज कोणीच करत नाही. ती घरी करायची.

पद्धत सोपी आहे. प्रत्येक सरावानंतर साधारण अर्ध्या तासाने मुलाला विचारा, ‘० ते १० मध्ये किती दमलास?’ तो आकडा गुणिले सरावाची मिनिटे. सामना १०० मिनिटे, श्रम ८, म्हणजे ८००. क्लबचे दोन सराव, प्रत्येकी ८० मिनिटे, श्रम ६, म्हणजे ९६०. जिम दोनदा, ४५ मिनिटे, श्रम ५, म्हणजे ४५०. एकूण २२१०. आता यात शाळेच्या संघाचा एक तासाचा सराव श्रम ७ ने (४२०) आणि बास्केटबॉलचा ४० मिनिटांचा सामना श्रम ७ ने (२८०) घाला: २९१०. आठवड्याचा भार जवळपास एक तृतीयांशाने वाढला आणि मुलाच्या तोंडून ‘या आठवड्यात विशेष काही नव्हतं’ असेच येईल.

एखादा आठवडा जड गेला तर बिघडत नाही. काळजी तेव्हा करायची जेव्हा गेल्या चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा चालू आठवडा एकदम तीस-चाळीस टक्क्यांनी वर जातो, किंवा सुट्टीनंतरचा पहिलाच आठवडा पूर्ण भाराचा असतो. वाढवायचे असेल तेव्हा आठवड्याला दहा-पंधरा टक्के पुरे, आणि दर चौथ्या आठवड्यात सुमारे एक तृतीयांश कपात. हे आकडे कुठल्याही शरीराची हमी देत नाहीत. मात्र संघाच्या फिटनेस प्रशिक्षकाशी बोलताना ‘तो थकलाय’ म्हणण्यापेक्षा ही वही पुढे ठेवली की निर्णय लवकर होतो. क्लबमध्ये खांद्यांच्या मध्ये जीपीएसचा छोटा डबा बांधून अंतर आणि वेग मोजतात, पण तो डबा शाळेच्या मैदानावर किंवा बास्केटबॉल कोर्टवर नसतो.

त्याच वहीत रोज सकाळी चार गोष्टी: किती तास झोप, अंग किती दुखते, मन कसे आहे, आणि नडगीवर बोटाने दाबल्यावर दुखते का.

नडगीचे पुन्हा होऊ नये म्हणून

नडगीचे दुखणे दोन प्रकारचे असते आणि दोघांचे उपचार वेगळे. हाडाच्या आतल्या कडेने चार-पाच बोटे लांबीवर पसरलेली दुखरी रेघ, धावायला सुरुवात केल्यावर जास्त, नंतर कमी होणारी: ही भार कमी करून, पोटरी मजबूत करून सहसा आटोक्यात येते. याउलट एका बोटाने दाखवता येईल असा एकच दुखरा ठिपका, एका पायावर उडी मारल्यावर टोचणारा, रात्रीही ठणकणारा: तेव्हा हाडाला सूक्ष्म तडा जातोय असे धरूनच चालायचे, धावणे त्याच दिवशी थांबवायचे आणि क्रीडा वैद्यक डॉक्टरकडे जायचे. साधा एक्स-रे सुरुवातीला बहुतेक वेळा स्वच्छ दिसतो, त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आला’ म्हणून परत धावायला पाठवू नका, एमआरआय लागते. नडगीच्या पुढच्या कडेवरचा ठिपका विशेष गंभीर असतो, तो भरायला महिनोन्‌महिने लागतात. पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या थोडे पुढे, दाबल्यावर दुखत असेल तर तेही असेच तातडीचे.

कंबरेबद्दल मराठी घरांना मुद्दाम सांगावेसे वाटते. आपली बरीच मुले उन्हाळ्यात क्रिकेट खेळतात आणि त्यातली काही वेगवान गोलंदाज असतात. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच क्रिकेटचा हंगाम आणि हाच फुटीच्या प्री-सीझनचा काळ. वेगवान गोलंदाजीत कंबर मागे आणि बाजूला झुकते, किक मारतानाही मागे झुकून पिळली जाते. मणक्याच्या त्याच छोट्या हाडावर दोन्हीकडून ताण येतो. कंबरेच्या एकाच बाजूला दुखते आणि मागे वाकल्यावर वाढते, अशी तक्रार दोन आठवडे टिकली तर तपासणी करा. ड्राफ्टच्या वर्षी क्रिकेट खेळायचेच असेल तर फलंदाज म्हणून खेळू द्या. गोलंदाजी त्या वर्षापुरती सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोटरीसाठी एका पायावर टाच उचलणे: गुडघा सरळ ठेवून ३ वेळा १२, गुडघा थोडा वाकवून ३ वेळा १५, आठवड्यातून तीनदा. एका दमात, पूर्ण उंचीपर्यंत, २५ होईस्तोवर वजन हातात घेऊ नये. दोन पायांत चार-पाचपेक्षा जास्त फरक असेल तर तो आधी मिटवायचा. जानेवारी-फेब्रुवारीत मैदाने दगडासारखी टणक असतात, तेव्हा नुसत्या धावण्याच्या सरावाला लांब स्टडचे बूट घालू नयेत. साधे रनिंग शूज घालावेत.

रक्ताच्या दोन तपासण्या ऑक्टोबरमध्येच करून घ्या: ड जीवनसत्त्व आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). मेलबर्नचा हिवाळा, गडद त्वचा आणि सूर्य वर असताना शाळेत बसणे, यामुळे आपल्या मुलांत ड जीवनसत्त्व कमी सापडण्याची शक्यता जास्त. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. शाकाहारी असल्याने बी-१२ सुद्धा. गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

धावणे

७:१० ला दोन किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४.६५ मीटर. सरावाचे सगळे आकडे यावरून काढायचे. भराभर पाच-सहा किलोमीटर जॉगिंग करून ही वेळ फारशी खाली येत नाही.

पहिले सहा आठवडे, नोव्हेंबरपासून, आठवड्यात तीन दिवस, कधीही सलग दोन दिवस नाहीत, सगळे गवतावर. एकूण धावणे आठवड्याला १२ किलोमीटरपासून सुरू करून फेब्रुवारीअखेर २२-२५ पर्यंत, क्लबचा सराव धरून. एका दिवशी लांब तुकडे: ८०० मीटर चार वेळा, प्रत्येक तीन मिनिटांत, मध्ये दोन मिनिटे चालणे. दुसऱ्या दिवशी छोटे तुकडे: १५ सेकंदांत ८० मीटर, १५ सेकंद जागेवर उभे, असे आठ मिनिटे, म्हणजे सोळा तुकडे, तीन मिनिटे विश्रांती आणि पुन्हा आठ मिनिटे. पहिल्या दोन आठवड्यांत एकच संच. शेवटचे तीन तुकडे ७० मीटरवर येत असतील तर अंतर जास्त ठरवले आहे, पाच मीटर कमी करा. पहिल्या तुकड्यात ९० मारून शेवटी ढेपाळण्यात काही अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी वेग. याकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते आणि हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीचे मोठे कारण इथेच आहे. एएफएलमध्ये वर्षानुवर्षे सर्वात जास्त सामने चुकवायला लावणारी दुखापत मांडीच्या मागच्या स्नायूचीच. मुलगा महिनाभर मध्यम वेगाने फेऱ्या मारतो आणि मग सामन्यात मोकळ्या चेंडूमागे पहिल्यांदा पूर्ण वेगाने सुटतो. स्नायूला त्या लांबीवर त्या ताणाची सवयच नसते. म्हणून आठवड्यातून किमान एकदा, शक्यतो दोनदा, ताज्या पायांनी, पूर्ण वॉर्म-अपनंतर: २० मीटर हळूहळू वेग वाढवत, पुढचे २० मीटर जवळपास पूर्ण वेगाने, चार ते सहा वेळा, प्रत्येकानंतर दोन-तीन मिनिटे पूर्ण विश्रांती. पहिल्या आठवड्यात ८० टक्के, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत ९० च्या पुढे. सीझनमध्ये शनिवारी सामना असेल तर हे मंगळवारी किंवा बुधवारी. सरावाच्या शेवटी, थकलेले असताना, कधीच नाही.

सोबत नॉर्डिक व्यायाम: गुडघ्यांवर उभे राहून, कोणीतरी घोटे धरून, शरीर सरळ ठेवत सावकाश पुढे पडणे. २ वेळा ४ पासून सुरुवात, दोन महिन्यांत ३ वेळा ६. पहिल्यांदा तीन दिवस मांड्या भयंकर दुखतात, त्यामुळे पहिला आठवडा सामना नसलेला निवडा. जांघेसाठी एका कुशीवर, वरचा गुडघा बाकावर टेकवून कंबर उचलणे, प्रत्येक बाजूला २ वेळा ८. जांघेचे दुखणे ही किक मारणाऱ्या तरुण फुटी खेळाडूंची जुनी व्यथा आहे, आणि ती एकदा जुनाट झाली की सीझन खाते.

मार्चपर्यंत ६:५० आणि ऑक्टोबरच्या कंबाइनपर्यंत (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्या) ६:३० हे लक्ष्य योग्य आहे. चाचणीतही चुका होतात: ६:५० साठी ४०० मीटरची प्रत्येक फेरी ८२ सेकंदांची हवी, मुले पहिली ७२ मध्ये मारतात आणि चौथीत ९० वर येतात. सरावात ८२ सेकंदांची फेरी घड्याळ न बघता मारता आली पाहिजे.

जिम सहावरून तीनवर

आठवड्याचे सहा दिवस जिम आजच बंद. आरशात छाती आणि दंड दिसतात म्हणून तेच जास्त होतात, पाय जड राहतात, आणि धावण्याच्या दिवशी शरीर ताजे नसते. ऑफ-सीझनमध्ये तीन दिवस, सीझनमध्ये दोन. प्रत्येक वेळी पन्नास मिनिटे: एक बसण्याचा व्यायाम (स्क्वॉट), एक कंबरेतून वाकून वजन उचलण्याचा, एक पाय मागे बाकावर ठेवून एका पायावरचा स्क्वॉट, पुल-अप, एक ढकलण्याचा, आणि हातात जड डंबेल घेऊन चालणे. ३ वेळा ५ ते ८, आणि प्रत्येक संचात आणखी दोन करता आले असते इतपतच वजन. वजन वाढवण्याचा नियम एकच: तिन्ही संचांत सगळी पुनरावृत्ती नीट आकारात झाली तरच पुढच्या वेळी अडीच किलो.

मानेचा व्यायाम आणि टॅकल करायला शिकणे हेही शक्तीच्या कामातच धरा. डोके प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला, पुढे कधीच नाही, खांदा कंबरेच्या उंचीवर, पाय चालू. आणि पडायला शिकणे: हात ताठ पसरून टेकवला की मनगट, खांदा किंवा कॉलरबोन जाते.

वजन किती वाढवायचे? वर्षात ७४ वरून ७७, फार तर ७८. महिन्याला सरासरी पाव किलोच्या आसपास. तीन महिन्यांत पाच किलो वाढवणारी मुले बहुधा २० मीटरमध्ये मंदावतात आणि नडगीवरचा भारही वाढतो. स्किनफोल्डच्या, म्हणजे त्वचेची घडी मोजून चरबी ठरवण्याच्या, मोजमापाचा ध्यास घरी धरू नका. ड्राफ्टच्या आधीच्या वयात एएफएलने ते मोजणेच थांबवले आहे, कारण त्यातून मुले जेवण तोडू लागतात.

शाकाहारी ताटात १३० ग्रॅम प्रथिने

वजनाच्या प्रत्येक किलोला सुमारे १.८ ग्रॅम, म्हणजे दिवसाला १३० ग्रॅम. वरण-भात-पोळी-भाजीच्या नेहमीच्या ताटात याच्या निम्मेही मिळत नाही, पण मांस न खाता हा आकडा सहज गाठता येतो. सकाळी धान्याचा नाश्ता, ३०० मिली दूध आणि २०० ग्रॅम घट्ट ग्रीक दही: ३० च्या आसपास. डब्यात तीन पोळ्या आणि १०० ग्रॅम पनीरची भाजी: २८. शाळेतून आल्यावर, सरावाआधी, शेंगदाण्याच्या बटरचे सँडविच आणि केळे: ११. सरावानंतर अर्धा लिटर दूध: १७. रात्री भात, दोन वाट्या घट्ट वरण आणि कोरड्या मापाने ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी: ४० च्या वर. झोपताना एक कप दूध: ८. प्रोटीन पावडरशिवाय १३० पार. अंडी चालत असतील तर आणखी सोपे, दोन अंड्यांत १२-१३ ग्रॅम.

कर्बोदकांत कपात ही या वयातली दुसरी मोठी चूक. सरावाच्या दिवशी किलोला ५ ते ७ ग्रॅम, म्हणजे या मुलाला ३७० ते ५२० ग्रॅम. ‘भात सोडला’ असे अभिमानाने सांगणारा मुलगा गुरुवारच्या सरावात रिकाम्या टाकीवर धावत असतो. कमी खाण्याची खूण वजनकाट्यापेक्षा आधी दुसरीकडे दिसते: वारंवार सर्दी, चिडचिड, आठवडाभर न जाणारा थकवा, आणि शेवटी हाड.

सामन्याच्या दिवशी तीन-चार तास आधी पोटभर पण हलके: दही-भात, इडल्या किंवा पोहे, सोबत केळे. उसळ, राजमा, कोबी त्या सकाळी नको. पोटात वायू होऊन धावता येत नाही. तासभर आधी पुन्हा एखादे केळे. सामन्याआधी आणि नंतर वजन करा, जितके किलो कमी झाले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत. उपास करायचा असेल तर तो विश्रांतीच्या दिवशी. साबुदाण्याच्या खिचडीत ऊर्जा आहे पण साबुदाण्यात प्रथिने नाहीतच जवळजवळ, तेव्हा सोबत दूध, दही आणि शेंगदाणे भरपूर.

पूरक पदार्थांबाबत कठोर राहा. उत्तेजकविरोधी नियमांत शरीरात जे सापडले त्याची जबाबदारी खेळाडूची, कोणी दिले हा बचाव बहुतेक वेळा टिकत नाही. २०१६ च्या जानेवारीत एसेंडन क्लबच्या ३४ आजी-माजी खेळाडूंवर बंदी आली, ती क्लबच्याच पूरक कार्यक्रमातून. प्रत्येक बॅच तपासलेलीच पावडर घ्या. ऑस्ट्रेलियात हास्टा किंवा इन्फॉर्म्ड स्पोर्टची खूण असते. भारतातून आणलेली ताकदीची चूर्णे, भस्मे, जिममधल्या मित्राने दिलेला ‘प्री-वर्कआउट’, यांना घरात जागा नको. आजीने प्रेमाने पाठवलेले असले तरी त्यात काय मिसळले आहे हे कोणी तपासलेले नसते.

किक

हाफ बॅक आणि विंगच्या खेळाडूला निवडतात ते त्याच्या पायामुळे. ६:३० ला धावणारी मुले पुष्कळ मिळतात. दमलेल्या अवस्थेत पंचेचाळीस मीटरवर साथीदाराच्या छातीवर चेंडू देणारी कमी.

ड्रॉप पंट, म्हणजे चेंडू हातातून सोडून मारायची फुटीतली नेहमीची किक, बिघडते ती पायात नव्हे, हातात. चेंडू ज्या कोनात पायावर पडतो त्याच कोनात जातो. उजव्या पायाने मारताना उजवा हात चेंडूला खाली पायापर्यंत सोबत करतो. तो लवकर सुटला, किंवा चेंडू छातीच्या उंचीवरून सोडला, की हवेत तो तिरका होतो आणि किक बाजूला जाते. तपासण्यासाठी मुलाला किक न मारता फक्त चेंडू सोडायला सांगा: लंबगोल चेंडूचे खालचे टोक जमिनीवर पडून तो सरळ त्याच्याकडे परत उसळला पाहिजे. रोज वीस वेळा. मग जागेवरून १५ मीटरच्या किक, पंजा पुढे ताठ ताणलेला, चेंडू उलटा फिरत जायला हवा. समोरून मोबाइलवर चित्रण करा, बाजूने घेतलेले फारसे कामाचे नाही. लांबी शेवटी.

डाव्या पायासाठी प्रत्येक दोन उजव्या किकमागे एक डावी, पण २५ मीटरच्या आत.

आणि किक मोजा. सरावाआधी मित्रांबरोबर गंमत म्हणून मारलेल्या चाळीस लांब किक वहीत येत नाहीत, मात्र मांडीच्या पुढच्या स्नायूला त्या लागतात. म्हणून त्या स्नायूच्या दुखापती प्री-सीझनमध्ये वाढतात. नोव्हेंबरात सत्राला ४० किकपासून सुरू करा, त्यातल्या दहाच ४० मीटरपलीकडच्या.

‘प्रोफेशनल’ म्हणजे काय

प्रशिक्षक हा शब्द वापरतात तेव्हा त्यांच्या मनात ठरावीक वागणूक असते. दुखणे पहिल्या दिवशी सांगणे, तिसऱ्या आठवड्यात नव्हे. गेल्या वर्षीची नडगी बहुधा इथेच चुकली असणार, कारण अशी दुखणी एका रात्रीत सहा आठवड्यांची होत नाहीत. सरावाच्या चाळीस मिनिटे आधी पोहोचणे, पट्ट्या आणि वॉर्म-अप उरकून. वहीतल्या सकाळच्या नोंदी खऱ्या भरणे. झोप नऊ तासांच्या आसपास, फोन दुसऱ्या खोलीत. सामन्यानंतर दारू नाही, ती स्नायूंची दुरुस्ती मंदावते. आपल्या सामन्याचे चित्रण आठवड्यात वीस-तीस मिनिटे, चेंडू जवळ नसतानाचे सहा-आठ प्रसंग निवडून बघणे: स्टॉपेजच्या वेळी (खेळ थांबून चेंडू पुन्हा खेळात येताना) मी कडेकडे मोकळ्या जागेत उभा होतो का, चेंडू गेल्यावर मागे परत धावलो का. मग प्रशिक्षकाला एक नेमका प्रश्न विचारणे. निवड करणारे क्लब घरी येतात, शिक्षकांशी बोलतात, आणि त्यांना उत्तरे याच गोष्टींबद्दल हवी असतात.

डोक्याला मार लागल्याचे लपवणे हे याच्या अगदी विरुद्ध टोक. शंका असली तरी त्याच दिवशी मैदानाबाहेर. १९ वर्षांखालील खेळाडूंसाठी ऑस्ट्रेलियाच्या क्रीडा संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: अंगाला अंग भिडणाऱ्या सरावाआधी सलग १४ दिवस एकही लक्षण नको, आणि सामन्यात परतण्याआधी किमान २१ दिवस. निवडीचा सामना असला तरीही.

डिसेंबरची भारतवारी आणि त्यानंतरचे वर्ष

नाताळच्या सुट्टीत बहुतेक मराठी कुटुंबे तीन ते पाच आठवडे भारतात जातात. जा, पण वेळापत्रकासह. तीव्रता टिकवली तर आठवड्यात दोन धावणी आणि एक-दोन शक्तीची सत्रे एवढ्यावर कमावलेले बरेचसे टिकते. पुण्यात किंवा नाशिकमध्ये डांबरी रस्त्यावर धावू नये; पहाटे कॉलेजचे मैदान शोधा, तिथे १५-१५ सेकंदांचे तुकडे आणि चार वेगाच्या धावा. पोट बिघडले तर ताप आणि जुलाब थांबून ४८ तास होईपर्यंत धावणे नाही. खरा धोका परतल्यावर असतो: विमानतळावरून थेट पूर्ण संघाच्या सरावाला. पहिला आठवडा ६० टक्के, दुसरा ८०, आणि हे डिसेंबरमध्येच फिटनेस प्रशिक्षकाला लिहून कळवा, म्हणजे जानेवारीत सबब वाटत नाही.

बारावीच्या परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कंबाइन ऑक्टोबरात, ड्राफ्ट नोव्हेंबरात. त्यामुळे अभ्यासाचा मोठा भाग जुलैपर्यंत उरकायचा आणि सप्टेंबरनंतर जिम एकवर आणायची. त्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण होत असतील तरच नाव ड्राफ्टमध्ये देता येते. आई किंवा वडील आशियात जन्मलेले असतील तर मुलगा एखाद्या क्लबच्या नेक्स्ट जनरेशन अकादमीसाठी (क्लब चालवत असलेला तरुण खेळाडूंचा कार्यक्रम) पात्र ठरू शकतो. ही योजना २०१६ पासून आहे, क्षेत्र क्लबनुसार वाटलेले आहे, आणि नोंदणी वेळेत करावी लागते, तेव्हा टॅलेंट मॅनेजरला या महिन्यातच विचारा.

राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये दरवर्षी साठ-सत्तर मुलांची नावे येतात. नाव न येणे हे बहुतेकांचे वास्तव आहे, आणि तिथून वर आलेले खेळाडूही आहेत: मॅट प्रिडिस राष्ट्रीय ड्राफ्टमधून नव्हे, रूकी (नवख्यांच्या) यादीतून वेस्ट कोस्ट क्लबमध्ये आला आणि २०१४ चे ब्राउनलो पदक, म्हणजे सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूचे पदक, जिंकला, टॉम स्टुअर्टला जिलॉंगने घेतले तेव्हा तो २३ वर्षांचा होता. म्हणून सप्टेंबरमध्येच व्हीएफएलमधल्या (एएफएलच्या खालची लीग) दोन क्लबच्या प्रशिक्षकांना सामन्यांच्या चित्रफिती आणि वर्षभराच्या भाराची वही पाठवून ठेवा. त्यांचे प्री-सीझनही नाताळच्या आधीच सुरू होते, आणि ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी फोन करणाऱ्यांची रांग लांब असते.